दोन दरवाजांचा मल्लमंडप

“रोम पडलं, अथेन्स पडलं, पण देवासचा हा जागतिक मल्लमंडप चंद्र-सूर्य असेतो उभा राहील,” असं सरदार जयसिंगराव कोनशिला बसवताना म्हणाले होते. आठ-नऊ पावसाळे झाले, मंडप उभा होता, यात वाद नाही. कोनशिला मात्र दुसऱ्याच पावसात निखळून पडली आणि सावित्रीबाईंनी ती धुण्याला घेतली. दगड उत्तम होता. अक्षरं खोल कोरलेली असल्यामुळे मळ लवकर निघे.

त्या सकाळी त्या ‘चंद्र-सूर्य’ या शब्दांवर धोतर आपटत होत्या, तेव्हा त्यांचे यजमान, मंडपाचे कारभारी मोरोपंत, बाहेरून आले आणि पायरीवर बसले.

“काय झालं?”

“गणोजी गेले.”

“कुठे, इंदूरला?”

“गेले म्हणजे गेले.”

सावित्रीबाईंचा हात थांबला. “अगंबाई. काल संध्याकाळी तर इथं बसून ताक पिऊन गेले.”

“रात्री निजले, सकाळी उठले नाहीत.”

सावित्रीबाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. डोळे टिपून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मग आता आपलं कसं?”

“मीही वाटेत तोच विचार करत आलो,” मोरोपंत म्हणाले. “माणूस जमिनीवर काढून ठेवलाय आणि मी आपल्या खोल्यांचा विचार करतोय. लाज वाटली. पण विचार काही थांबेना.”

मोरोपंतांची नेमणूक ‘जागतिक कुस्तीचा निकाल लागेपर्यंत’ अशी होती. निकाल लागला नव्हता, कारण कुस्तीच झाली नव्हती. ती होत नाही तोवर मंडपाच्या पायऱ्यांखालच्या दोन खोल्या त्यांच्या होत्या. आणि आता कुस्तीतला अर्धा भाग सकाळी उठला नव्हता.

देवास हे गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. कोणे एके काळी दोघा भावांत वाटणी झाली, ती इतक्या प्रामाणिकपणे झाली की एकाच रस्त्याची डावी बाजू एका राज्यात गेली आणि उजवी दुसऱ्यात. माणसाने दचकून बाजूला उडी मारली तर तो परदेशी जाई. मोरोपंतांच्या दोन खोल्यांपैकी चूल थोरल्या पातीत होती आणि अंथरूण धाकट्या पातीत. भात एका राज्यात शिजे, त्यावरची वामकुक्षी दुसऱ्यात होई.

हंगेरी देशाचा कोव्हाच नावाचा जगज्जेता मल्ल हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाल्याचं आठ-नऊ वर्षांमागे मुंबईच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. थोरल्या पातीचे सरदार जयसिंगराव आणि धाकट्या पातीचे सरदार खंडोजीराव हे चुलतभाऊ. दोघांनी मिळून त्याला आव्हान दिलं. देवासचा गणोजी पहिलवान विरुद्ध अवघं जग. दरबारांनी या भानगडीत लक्ष घातलं नाही, हे दरबारांचं शहाणपण. सरदारांनी पदरच्या खर्चाने, नेमका सरहद्दीवर, दगडी मंडप बांधला. कुस्तीच्या हौद्याच्या मधोमध चुन्याची रेघ मारून दोन्ही राज्यांना अर्धी अर्धी माती दिली. दोन दरवाजे, तंतोतंत एका मापाचे. दोन सज्जे, एका उंचीचे. एका सज्ज्यातून दुसऱ्या सज्ज्यात वाकून बघितल्याचा अपमान होऊ नये म्हणून मध्ये भिंत. त्या भिंतीमुळे जयसिंगरावांना हौद्याचा आपला अर्धा भाग दिसे आणि खंडोजीरावांना आपला. हत्तींसाठी जागा होती, वाजंत्र्यांसाठी ओटा होता, पानाचे डबे ठेवायला संगमरवरी कोनाडे होते. काही करायचं राहिलं असं कोणालाच आठवलं नाही.

कुस्तीच्या दिवशी उज्जैनपासून हाटपिपल्यापर्यंतची माणसं लोटली. मंडपाभोवती तीळ टाकायला जागा नव्हती. कोव्हाच साहेब इंदुराहून टांग्याने आले, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की पाहुणा एक आहे आणि दरवाजे दोन आहेत. थोरल्या दरवाजाने घ्यावं तर धाकट्या पातीचा मान जातो. धाकट्याने घ्यावं तर थोरली पाती थोरली कसली. इंग्रजी येणारे एकटे मोरोपंत. ते दोन सज्ज्यांमध्ये निरोप नेण्या-आणण्यात गुंतले.

बाहेर साहेब आधी शांत उभे होते. मग या पायावरून त्या पायावर होऊ लागले. युरोपातले मल्ल असाच पवित्रा घेतात, असं जाणकारांनी सांगितलं. मग त्यांनी कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. चेहरा लाल झाला. दिसेल त्याला ते काहीतरी विचारू लागले. लोकांनी माळवीत “हौ भिया, हौ”, म्हणजे हो भाऊ, हो, म्हणत टाळ्या वाजवल्या. इतक्यात आत ताटकळलेल्या गणोजीने अंग तापवायला म्हणून शड्डू ठोकला. दगडी मंडपात तो तोफेसारखा घुमला. त्याच क्षणी जगज्जेत्याने टांग्यात उडी टाकली, टांगेवाल्याच्या हातातला चाबूक घेतला आणि इंदूरच्या रस्त्याला धुरळा करून तो दिसेनासा झाला.

गणोजीचा नुसता शड्डू ऐकून जगज्जेता पळाला, ही गोष्ट मग माळव्यात घरोघर झाली. लहान मुलं जेवेनाशी झाली की आया सांगत. पण गणोजीने स्वतःला विजयी म्हणवून घेतलं नाही. तो म्हणे, “पंत, पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती नाही. पळाला तो पळाला. सभ्य माणूस आहे, येईल परत.”

त्याच्या वाटेवर डोळे लावून तो रोज पहाटे मंडपात येई. आधी हजार बैठका मारी. मग गुडघ्यांनी ऐकणं सोडलं तेव्हा नुसता हौद्याची माती चाळी. शेवटी शेवटी पायरीवर बसून सावित्रीबाईंचं ताक पिई. रस्त्याने टांगा वाजला की फेटा सारखा करी. मंडपाला दरम्यान दुसरी कामं लागली होती. सज्ज्यांत मिरच्या वाळत, ओट्यावर बकऱ्या बसत, हत्तींच्या जागेत एका अडत्याची अफूची बोंडं भरलेली असत. पण हौद्यात गणोजी कोणाला काही वाळवू देत नसे.

दहाव्या दिवशी सगळे क्षिप्रेच्या काठी जमले. पुतण्याने पिंड मांडले, नीळकंठभटांनी मंत्र म्हटले, मंडळी मागे सरकली. वडाच्या फांदीवर कावळा होता. तो पिंडाकडे बघे, मान वाकडी करी आणि तिथेच बसून राही. माणसाच्या मनात काही राहिलेलं असलं की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. राहिलेलं ओळखायचं आणि शब्द द्यायचा, एवढंच काम.

पुतण्या म्हणाला, “काका, तुमची तालमीतली जोडी-करेल मी विकणार नाही.”

कावळा बसून राहिला.

गणोजीची बायको भवानीबाई मागे दोघींच्या आधाराने उभी होती. ती म्हणाली, “तुमची बकरी मी कसायाला देणार नाही. म्हातारी होईतो सांभाळीन.”

कावळ्याने चोच फांदीला घासली.

“गणोजी, आम्ही तुझी छत्री बांधू,” जयसिंगराव म्हणाले. “दगडी.”

कावळा उडून लांबच्या फांदीवर गेला. त्याला जयसिंगरावांच्या बांधकामाचा अनुभव असावा.

“आम्ही दोन बांधू,” खंडोजीराव म्हणाले. कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

सूर्य माथ्यावर आला. दोन्ही सरदारांच्या कपाळावर घाम होता, नीळकंठभटांचा आवाज खोल गेला होता. कावळा शिवेपर्यंत कोणाला अन्न नाही. मोरोपंतांना पित्ताचा त्रास. सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि त्या काजव्यांतून त्यांच्या तोंडून निघून गेलं, “गणोजीराव, तुमची कुस्ती मी लावून देतो. त्या कोव्हाचशीच. जा आता सुखाने.”

कावळा सरळ खाली आला. पहिल्या पिंडाला तो शिवला, आणि दुसऱ्यातला भाताचा मोठा घास घेऊन गेला.

मंडळींनी सुटकेचा श्वास टाकला. मोरोपंतांनीही टाकला, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं.

“कावळ्याला शब्द देऊन आलात,” सावित्रीबाई घरी म्हणाल्या. “कुस्ती झाली की निकाल, निकाल लागला की या खोल्या रिकाम्या. दुसरं काहीतरी बोलायचंत. काशीला अस्थी नेतो म्हणायचं. बामणं घालतो म्हणायचं.”

“भूक लागली होती गं.”

“सगळ्या गावाला लागली होती. बोललात तुम्ही एकटे.”

“आता एक पहिलवान मेलेला, दुसरा कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. कुस्ती होतेय कुठली?” मोरोपंत म्हणाले. म्हणताना त्यांना थोडं बरं वाटलं.

तेवढ्यात भवानीबाई दारात आली. पांढऱ्या लुगड्यात ती आधीपेक्षा लहान दिसत होती. ती उंबऱ्याबाहेरच बसली.

“पंत, मी आठवण करायला नाही आले,” ती म्हणाली. “तुम्ही शब्दाचे पक्के, ते मला ठाऊक आहे. एवढंच सांगते की तेराव्यापर्यंत झालं पाहिजे. तेराव्याचं जेवण झालं की ते पुढच्या वाटेला लागणार. मग कुस्ती लावून काय, ते बघणार कुठून?”

“भवानीबाई, पण साहेब कुठे मिळायचे?”

“धारला,” तिच्या मागून नीळकंठभट म्हणाले. ते दक्षिणेत मिळालेलं तूप घरी नेत होते, तिच्याबरोबर बोलत आले होते. “धारला सर्कस उतरलीय. तिच्यात एक गोरा लोखंडी गोळे उचलतो, कोव्हाच नावाचा. आम्ही काही पाहिला नाही, ब्राह्मणाने सर्कस बघू नये. पण मोठा गोळा तो डाव्या हाताने उचलतो.”

सावित्रीबाईंनी नीळकंठभटांकडे असं पाहिलं की त्यांनी तुपाचं भांडं दुसऱ्या काखेत घेतलं.

मोरोपंत टांग्याने धारला निघाले. सगळ्या वाटेने ते देवाला एकच मागत होते, की सर्कस उठून गेलेली असावी. सर्कस होती. राहुटीमागे एक दांडगा, पांढऱ्या मिशांचा गोरा उकिडवा बसून उंटासाठी चारा कापत होता. बाजूला लोखंडी गोळे पडले होते. मोरोपंतांचा पाय चुकून त्यातल्या मोठ्या गोळ्याला लागला आणि तो गोळा मडक्यासारखा वाजत लांब गेला.

“वो शो का है,” गोरा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला सर्कशीतल्या हिंदीने पुरतं आपलंसं केलं होतं. “असली वाला उधर. अब कमर नहीं मानता.”

मोरोपंतांनी ओळख दिली. देवासचं नाव ऐकताच साहेबांच्या हातातला विळा थांबला.

“उसके बाद सब अखबार में छपा, कोव्हाच भागा,” ते म्हणाले. “लंदन में छपा, बुडापेस्ट में छपा. मेरा माँ पढ़ा. फिर किसने कुश्ती नहीं दिया.” मग थोडं थांबून म्हणाले, “वो पहलवान कैसा है?”

“गुजर गए. परसों तेरहवीं है.”

साहेबांनी टोपी काढली. कापलेला चारा उंटापुढे सरकवला.

“अच्छा आदमी था?”

“बहुत अच्छा. आपकी राह देखता था.”

“हमने उसको देखा नहीं कभी,” साहेब म्हणाले. “एक बार भी नहीं. आवाज भी नहीं सुना.”

मोरोपंतांनी हे वाक्य ऐकलं, आणि ते देवासला बरोबर न्यायचं नाही असं ठरवलं. मग तुम्ही पळालात कशाला, हा प्रश्न त्यांना सुचला नाही असं नाही. पण सगळ्या गावाला ज्याचं उत्तर वर्षानुवर्षं ठाऊक आहे, ते पुन्हा विचारण्यात काय अर्थ? त्यांनी फक्त इतकंच सांगितलं की कुस्ती कशी होईल हे त्यांना माहीत नाही, प्रतिस्पर्धी हयात नाही आणि साहेब नाही म्हणाले तरी कोणी वाईट मानणार नाही. हे शेवटचं त्यांनी जरा आग्रहाने सांगितलं.

“चलेगा,” साहेब उठत म्हणाले. “वो दिन मेरेको भी छोड़ता नहीं.”

माळव्यात तेराव्याच्या जेवणाला नुक्ता म्हणतात आणि नुक्त्याला बोलावणं लागत नाही. गणोजीचा नुक्ता मंडपातच मांडला होता. एका बाजूला बुंदीचे लाडू रचलेले, दुसऱ्या बाजूला कढईत भाजी, बकऱ्या ओट्यावरून खाली बघतायत. त्यात साहेब येणार ही बातमी मोरोपंतांच्या आधी पोचली होती. जुन्या दिवसाइतकीच माणसं लोटली. गणोजीचे चेले आता पोटं सुटलेले, डोकी भादरलेले, ओळीने उभे होते. सज्ज्यांतल्या मिरच्या घाईने झाडल्यामुळे दोन्ही सरदार शिंकत होते.

टांगा थांबला. साहेब उतरले. त्यांनी मंडपाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आजूबाजूच्या गर्दीकडे पाहिलं आणि ते मोरोपंतांना म्हणाले, “पंत, एक बात...”

“थांबा,” वरून जयसिंगराव ओरडले. “पाहुणे थोरल्या दरवाजाने येतील.”

“मागच्या वेळी तुमचाच हट्ट नडला,” भिंतीपलीकडून खंडोजीराव म्हणाले आणि शिंकले. “या वेळी धाकट्या.”

“हट्ट आमचा? निरोपाला उत्तर द्यायला दुपार कोणी केली?”

“तुमच्या निरोपात आम्हाला ‘धाकटे’ म्हटलेलं, म्हणून अडलो. पोचवणाऱ्याला विचारा.”

पोचवणारे मोरोपंत टांगेवाल्याचे पैसे मोजू लागले. साहेब या पायावरून त्या पायावर झाले. म्हाताऱ्या जाणकारांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. तोच पवित्रा.

तेव्हा भवानीबाई पुढे आली. तिने साहेबांच्या कोटाची बाही धरली. “चला तुम्ही,” असं म्हणून ती त्यांना मोरोपंतांच्या स्वयंपाकघराच्या दाराने, वाकवून, पाटावरवंट्याच्या बाजूने, चुलीवरच्या कढीला धक्का न लावता आत हौद्यापाशी घेऊन गेली. इतक्या वर्षांच्या प्रश्नाला जेमतेम उंबरा ओलांडायचा वेळ लागला. जाता जाता सावित्रीबाईंनी पाहुणा म्हणून साहेबांच्या हातात ताकाचा मोठा पेला दिला. साहेब नको म्हणत होते. बाईंनी दुसरा दिला.

आता प्रश्न उरला गणोजीचा. “देह नसला तर शास्त्रात दर्भाचा पुतळा करतात,” नीळकंठभट म्हणाले. “पुतळ्याला अग्नी चालतो, पिंड चालतो. मग कुस्ती का न चालावी? ग्रंथात नाही म्हटलेलं नाही.” त्यांनी पुतळा करून आणलाच होता. पुतण्याने त्याला गणोजीचा लंगोट कसला. भवानीबाईने स्वतःच्या हातांनी फेटा बांधला. फेटा बांधताना तिने नेहमीप्रमाणे एक शेमला कानावर सोडला, तेव्हा चेल्यांपैकी दोघं-तिघं रडू लागले. पुतळा चुन्याच्या रेघेवर उभा केला, एक पाय थोरल्या पातीत आणि एक धाकट्या. वाजंत्र्यांनी हलगी धरली. कोणी शड्डू ठोकेना. तो ठोकणारा एकच होता.

मोरोपंत कठड्याला धरून उभे होते. पुतळा पडला, तर गणोजी हरला, भवानीबाईचं उरलेलं आयुष्य काळं झालं, निकाल लागला आणि खोल्या गेल्या. साहेब पडले, तरी निकाल लागला आणि खोल्या गेल्या. त्यांना दोन्हीकडून एकच दिसत होतं. शेजारी सावित्रीबाई उभ्या होत्या. “कोनशिला नेता येईल का हो आपल्याला?” त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांनी कोट काढला. पुतळ्यासमोर उभं राहून त्यांनी मान लववली, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं आलं. मल्लाने मल्लाला धरावं तसं, कसलीही हयगय न करता, त्यांनी गणोजीला कमरेला मिठी घातली आणि मोठ्या वजनाच्या माणसाला उचलायला लागतो तेवढा जोर लावून उचललं.

पुतळ्यात दर्भ होता. पहिला जोर लावायला समोर काहीच न मिळाल्यामुळे सगळा जोर साहेबांवरच उलटला. ते तसेच मागे गेले, त्यांच्या पाठीत कडाड असं काहीतरी वाजलं आणि ते रेघेवर आडवे झाले. छातीवर गणोजी, फेटा जागच्या जागी.

मग चेले एकदम ओरडले, “चितपट!”

“निकाल आम्हा पंचांनी द्यायचा,” जयसिंगराव सज्ज्यातून म्हणाले. “आमच्या बाजूचा खांदा मातीला टेकलेला आहे. दुसरा आम्हाला दिसत नाही.”

“आमच्या बाजूचा टेकलेला आहे,” खंडोजीराव भिंतीपलीकडून म्हणाले.

“आम्ही ते कसं मानावं?”

“आमचा शब्द नाही?”

“शब्दाचं काही म्हणत नाही. परक्या राज्यातल्या खांद्याची ग्वाही आम्ही कशी द्यायची? तुमचा तुम्ही आधी जाहीर करा.”

“आधी आम्ही? म्हणजे थोरल्या पातीच्या मागणीवरून? नाही जमायचं. खाली उतरून या, बघा हवं तर.”

“तुमच्या हद्दीत? बिनबोलावता?”

“बोलावतोय ना.”

“असं भिंतीवरून?”

हे बरंच चाललं. नीळकंठभटांनी पानं मांडायला घेतली. शेवटी दोन्ही सज्ज्यांतून, कोणी आधी बोललं हे सिद्ध होऊ नये अशा बेताने, जाहीर झालं की कुस्ती झाली, निकाल मात्र राखून ठेवण्यात येत आहे आणि तो लागेपर्यंत मंडपाची व्यवस्था पूर्ववत चालेल.

सावित्रीबाईंनी मोरोपंतांचं उपरणं घट्ट धरलं, लगेच सोडलं आणि त्या कढी बघायला आत गेल्या. भवानीबाईने हौद्यात उतरून साहेबांच्या छातीवरचा पुतळा उचलला. तो हरला नव्हता. कुस्ती झाली होती. तिने फेट्यावरची माती झटकली.

“साहेब,” ती म्हणाली, “तुम्ही त्या वेळी त्यांच्यासमोरून गेलात. आज आलात. जायच्या आधी त्यांच्याबद्दल दोन शब्द बोला. सगळी ऐकतायत.”

खरंच सगळी ऐकत होती. हलगी थांबली होती, लाडवांची ताटं हवेत थांबली होती, सरदार शिंका दाबून बसले होते. साहेबांना मान हलवता येत नव्हती. त्यांनी डोळ्यांनी मोरोपंतांना जवळ बोलावलं. मोरोपंत गुडघ्यांवर बसून कान त्यांच्या मिशांपाशी घेऊन गेले.

“पंत,” साहेब पुटपुटले, “उस दिन भी हम यही पूछता था. सबको पूछा. सब आदमी ताली बजाया. चारों तरफ आदमी, चारों तरफ औरत, किधर जाएगा? इंदौर तक टांगा दौड़ाया हमने.” त्यांनी डोळे मिटले. “इतना बड़ा मकान बनाया, पंत. हाथी का जगह है. वो नहीं बनाया?”

मोरोपंतांनी मान वर केली. त्यांनी दोन दरवाजे पाहिले, दोन सज्जे पाहिले, पानाच्या डब्यांचे कोनाडे पाहिले, वाजंत्र्यांचा ओटा पाहिला. ते स्वतः रोज पहाटे तांब्या घेऊन नाल्यापलीकडे जात आले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

“काय म्हणतात साहेब?” भवानीबाईने विचारलं. तिने पुतळा लेकरासारखा कडेवर धरला होता.

मोरोपंत उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला.

“साहेब म्हणतात,” ते सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, “तसा शड्डू त्यांनी सबंध जगात दुसरीकडे कुठे ऐकला नाही.”

भवानीबाईने पदर तोंडावर घेतला. दोन्ही सज्ज्यांतून एकाच वेळी “वाहवा” आलं. मंडप बांधल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं.

मोरोपंत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि आत तोंड घालून हळू आवाजात म्हणाले,

“अगं, चौघं जण आणि आपली खाट बाहेर पाठव. आणि तांब्या भरून दे.”